खाडीत रात्री बोटीवर उजेड किती, कुठे आणि कसा?

दादा, तुमची बोट नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवर, अठरा फुटी फायबर, २५ एचपीचा ओबीएम (मागे बाहेरून लावायचं इंजिन) आणि १२ व्होल्टची एकच बॅटरी. शनिवारी संध्याकाळी वडिलांना घेऊन जिताड्याच्या मागे निघता, रात्री नऊ-दहाला परतता. दिवाळीच्या तोंडावर काठाला चारी बाजूंनी पांढरी एलईडी पट्टी लावून घेतलीत आणि तेव्हापासून पाखरांनी, म्हणजे दिव्यावरच्या किड्यांनी, वैताग आणलाय. डब्यात पाखरं, चहात पाखरं, वडिलांच्या कानात पाखरं. पिवळी पट्टी लावली तर ती जातील का, डास मारायचं निळ्या दिव्याचं मशीन बोटीवर चालेल का, आणि नियमाने कोणते दिवे लावावेच लागतात, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता बागेतल्या सोलर दिव्यांचंही विचारलंय.

मी बोटींचं वायरिंग करतो. बेलापूर, सारसोळे, वाशीगाव, क्वचित ऐरोलीपर्यंत. तुमच्यासारखी पट्टी लावलेल्या बोटी हल्ली फार दिसतात आणि मालक हौशी असला की पट्टी हमखास असते. माझं उत्तर सोपं आहे: पट्टी काढा. रंग बदलून पुन्हा लावू नका, काढाच. दिवाळ्याचा कुठलाही जुना तांडेल ती बोट लांबून बघून एवढंच विचारेल, "दादूस, बोट हाय का हलदीचा मांडव?"

दोष रंगाचा आहेच, पण निव्वळ रंगाचा नाही. पट्टी काठावर उघडी आहे. तिचा निम्मा उजेड वर आणि बाहेर जातो, उरलेला बसल्या माणसाच्या थेट डोळ्यांत. तुम्हाला उजेड हवा असतो कुठे? गळ बांधताना हातापाशी, पाय ठेवायच्या जागी आणि मासा ठेवायच्या पेटीपाशी. बाकीचा सगळा उजेड पाखरांसाठी आणि स्वतःला आंधळं करून घेण्यासाठी. हे दोन त्रास वेगळे वाटतात, पण मूळ एकच. उजेड जास्त, उघडा आणि निळसर असला की पाखरं येतात, आणि त्याच उजेडामुळे काठापलीकडचा जाळ्याचा खुंट दिसेनासा होतो. म्हणून मी दोन्हीवर एकच उपाय करतो.

आधी डोळ्यांचं सांगतो, कारण पाखरांनी फक्त वैताग येतो, खुंटाने बोट फुटते. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या दिव्याकडे एकदा नीट बघितलं की ती कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून. पनवेल खाडीत काळोख्या पट्ट्यात डोलीचे (डोल जाळ्यांचे) खुंट, सोडून दिलेले नांगरदोर आणि ओहोटीला वर येणारे चिखलाचे उंचवटे आहेत. ते सर्चलाइटपेक्षा सरावलेल्या डोळ्याला आधी कळतात, कारण पाण्यावर बेलापूर-उलव्याचा परावर्तित उजेड पडलेला असतो आणि खुंट त्यात काळा उठून दिसतो. पट्टी चालू असेल तर काठापलीकडे नुसती काळी भिंत.

आता पाखरं दिव्याकडे का येतात ते. आकर्षण, चंद्राची भूल वगैरे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०२४ च्या जानेवारीत 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास आला, लंडनचं इंपीरियल कॉलेज आणि अमेरिकेतलं फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठ यांच्या संशोधकांचा. त्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या पाखरांचं उडणं टिपलं. पाखरू दिव्याकडे झेपावत नाही, ते दिव्याकडे पाठ करतं. रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं. उजळ बाजूकडे पाठ ठेवली की आपण सुलटे आहोत, एवढा साधा हिशेब घेऊन ते उडतं. मध्येच आपला दिवा आला की हिशेब बिघडतो. दिव्याच्या बाजूने जाणारं पाखरू कलतं आणि गोल फिरत राहतं. दिव्याच्या वरून जाणारं पाखरू तर पाठ दिव्याकडे करायच्या नादात पालथ्याचं उताणं होतं आणि खाली कोसळतं. वर तोंड केलेल्या तुमच्या पट्टीवरून जे जे पाखरू गेलं ते तुमच्या डब्यात का पडलं, याचं उत्तर हेच.

त्यातून दिवा लावायची रीत आपोआप ठरते. दिवा वर तोंड केलेला नको. डोक्यावर टांगलेलाही नको, कारण मग पाखरं त्याच्याखाली, म्हणजे नेमकी तोंडापाशी घिरट्या घालतात. दिवा खाली, काठाच्या आत, झाकलेला आणि बोटीच्या तळाकडे तोंड केलेला. उजेड पडलेली जागा दिसली पाहिजे, दिव्याचा डोळा दिसता कामा नये. बाहेरून नाही, वरून नाही, बसलेल्या माणसालाही नाही.

रंगाबद्दल. बहुतेक किड्यांच्या डोळ्यांना अतिनील, निळा आणि हिरवा हे तीन पट्टे चांगले कळतात, साधारण ३५०, ४४० आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपास. पांढरी एलईडी आतून निळीच असते: सुमारे ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा लेप. ६५०० केल्विनची 'कूल व्हाइट' घेतली तर निळा भरपूर, २७०० केल्विनची 'वॉर्म' घेतली तर कमी, पण असतोच. खरी अंबर एलईडी ५९० च्या आसपास एकाच रंगात जळते, तिच्यात निळा जवळजवळ नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की अंबर लावल्यावर पाखरं कमी होतील, बरीच कमी होतील, पण शून्य होणार नाहीत. उघडी पिवळी पट्टी लावलीत तर थोडी कमी पाखरं आणि तेवढाच आंधळेपणा पदरात पडेल. आणि बाजारात 'यलो' म्हणून मिळणारी पट्टी पुष्कळदा पिवळसर पांढरीच निघते. दुकानात पेटवून सीडीच्या मागच्या चकचकीत बाजूवर तिचा उजेड पाडून बघा. निळी झाक दिसली तर ती अंबर नव्हे.

लाल दिवा जास्त चांगला का, हे पुढचा प्रश्न म्हणून येतोच. पाखरांच्या आणि डोळ्यांच्या दृष्टीने चांगला, पण मी बोटीत सर्रास लाल लावत नाही. एक तर बाहेर दिसला की समोरच्याला तो तुमचा डाव्या बाजूचा दिवा वाटतो आणि तो चुकीच्या बाजूने वळतो. दुसरं, लाल उजेडात लाल रंग दिसत नाही. गळ बोटात घुसला तर रक्त कळत नाही आणि बॅटरीच्या पेटीत लाल वायर फिकट दिसते. बॅटरीचं काम करताना पाच मिनिटं पांढरी टॉर्च लावा, पाखरं आली तर येऊ देत.

बसवायचं कसं, ते मी करतो तसं सांगतो. 'मरीन' नावाने विकला जाणारा अंबर दिवा महाग असतो. ट्रकच्या बाजूला लावतात तो अंबर साइड मार्कर घ्या, कळंबोलीला स्पेअर पार्टच्या दुकानांत सहज मिळतो. १२-२४ व्होल्टवर चालणारा आणि पूर्ण सीलबंद बघून घ्या, कारण निव्वळ २४ व्होल्टचा १२ वर मिणमिणतो. दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेऊन तो उभा चिरा, म्हणजे अर्धी पन्हळ मिळते. आतून काळा मॅट रंग द्या, पांढरा पाइप तसाच ठेवला तर तोच उजळतो. पन्हळीच्या पोटात मार्कर बसवा आणि पन्हळ उपडी करून काठाच्या आतल्या बाजूला, काठापासून चार बोटं खाली स्क्रूने धरा. भोकात सिलिकॉन भरा, नाहीतर फायबरच्या थरांत पाणी शिरतं. मग अंधारात जेट्टीवर उभं राहून बघा. मार्करचा पिवळा ठिपका दिसला तर पन्हळ आणखी तिरकी करा. अठरा फुटी बोटीला असे तीन पुरतात: एक मधल्या फळीखाली, एक माशांच्या पेटीवर आणि एक ओबीएमजवळ. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, मी काहीच लावत नाही, तिकडे बघूनच तर बोट चालवायची.

तिन्हींना वेगवेगळी बटणं द्या. पेटीवरचा दिवा मासा आला की लागतो, एरवी बंद. एकाच बटणावर सगळं जोडलं की माणूस सगळंच चालू ठेवतो.

जिलेटिन पेपरची युक्तीही चालते, म्हणजे आपल्या आकाशकंदिलाला लावतात तसा पिवळा-केशरी कागद पांढऱ्या दिव्यावर दुहेरी गुंडाळायचा. निळा बराच अडतो. पण खाऱ्या हवेत तो हंगामभर टिकत नाही, आणि दिवा गरम होणारा असेल तर कागद आकसतो. जत्रेपुरता ठीक.

डोक्याला बांधायच्या टॉर्चचं मात्र बोलायलाच हवं, कारण पट्टी काढली की तुम्ही तीच बांधाल. कपाळावर पांढरा दिवा म्हणजे पाखरं थेट नाका-डोळ्यांत. टॉर्च गळ्यात उलटी लटकवा किंवा जॅकेटच्या खिशाला, बेंबीच्या उंचीवर. उजेड हातांवर पडतो, पाखरं छातीच्या खाली राहतात आणि समोरच्याशी बोलताना त्याचे डोळे दिपत नाहीत.

आता नियमाचे दिवे. यांना कागद लावायचा नाही, अंबर करायचे नाहीत, पाखरं येतात म्हणून विझवायचे नाहीत. १९७२ चे समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७७ पासून लागू आहेत आणि समुद्राला जोडलेल्या, जहाजं येऊ शकतील अशा पाण्यालाही ते लागतात; आपली खाडी त्यात आली. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, दोन्ही समोरून मागे ११२.५ अंशांपर्यंत दिसणारे. १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक बोटीला पुढचा आणि मागचा पांढरा वेगवेगळा लावण्याऐवजी चौफेर दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. तो बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर वर हवा. तुमच्या लांबीच्या बोटीसाठी लाल-हिरवा १ सागरी मैलावरून आणि पांढरा २ सागरी मैलांवरून दिसावा अशी अट आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

जेट्टीवर तुम्हाला कुणीतरी सांगेल, लहान बोटीला नुसता पांढरा पुरतो. ती सवलत ७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटच्या वर पळूच न शकणाऱ्या बोटीला आहे. ७ नॉट म्हणजे ताशी १३ किलोमीटर. तुमचा २५ एचपीचा ओबीएम त्याच्या कितीतरी वर जातो, तेव्हा तुम्हाला तिन्ही दिवे हवेत. वल्ह्याच्या होडीला हाताशी टॉर्च ठेवून ती वेळेवर दाखवली तरी चालतं. तुम्हाला नाही.

त्याच नियमांत एक ओळ आहे जी सजावटीच्या पट्ट्या विकणारे सांगत नाहीत: नियमाच्या दिव्यांशी घोटाळा होईल, ते झाकोळतील किंवा पहाऱ्यात अडथळा येईल असे दुसरे दिवे लावायचे नाहीत. तुमची पट्टी यात तिन्ही अंगांनी बसते. चारी बाजूंनी पांढरं झगमगत असलं की लाल-हिरवा लांबून विरघळून जातो. खाडीत वेगाने जाणाऱ्या बोटीही असतात. त्यांच्या चालकाला तुम्ही कुठे चाललात ते लाल-हिरव्यावरूनच कळतं. त्यात तुमच्या मागे पाम बीच रोडचे दिवे, वाशी पुलाचे दिवे. अशा भरल्या पार्श्वभूमीवर लहान बोट तशीही हरवते. म्हणून पांढरा दिवा उंच हवा आणि स्वच्छ हवा.

त्या पांढऱ्या दिव्याकडे पाखरं येणारच, त्याला इलाज नाही. पण त्यांना वरच ठेवता येतं. दिवा मागच्या बाजूला दांडीवर, बसल्या माणसाच्या डोक्यापासून हातभर तरी वर घ्या आणि त्याच्या खाली काळ्या ॲल्युमिनियमची छोटी गोल चकती बसवा. चकतीमुळे उजेड बोटीत पडत नाही, तुमचे डोळे वाचतात आणि पाखरांचं भोवऱ्यासारखं फिरणं वरच्या वर चालतं. चकती मोठी करायचा मोह होतो, तो टाळा. क्षितिजाच्या ५ अंश वर ते ५ अंश खाली एवढ्या पट्ट्यात दिवा पूर्ण ताकदीने दिसलाच पाहिजे आणि लाटेवर बोट हलते तेव्हा आणखी मोकळीक लागते. हाताच्या तळव्याएवढी चकती, दिव्याच्या जरा खाली, एवढंच.

नांगर टाकून बसलात की लाल-हिरवा बंद आणि चौफेर पांढरा चालू. हे बरेच जण विसरतात, लाल-हिरवा तसाच ठेवतात आणि येणारा समजतो की बोट चालू आहे, बाजूला होईल.

स्वस्त एलईडीचा आणखी एक छुपा ताप आहे. आतलं सर्किट भुक्कड असेल तर दिवा लावताच व्हीएचएफ रेडिओत खरखर येते. अमेरिकन तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती. तपासायला सोपं: रेडिओवर रिकामी वाहिनी लावून खरखर दाबणारं स्क्वेल्च बटण ती जेमतेम थांबेल इथे आणा, मग एकेक दिवा लावा. खरखर परत सुरू झाली तर तो दिवा परत करा.

इथवर झाली उजेडावर येणारी पाखरं. पण खाडीतले सगळे किडे एका जातीचे नाहीत, आणि दिवे बदलूनही काही चावणारच, तेव्हा नंतर मला शिव्या देऊ नका. दिवाळीच्या आसपास तुमच्यावर जो मारा झाला त्यात हिरवे तुडतुडे असणार. भातशेती कापणीला आली की ते दिव्यांवर झुंडीने येतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. पहिल्या पावसात वाळवीची पंखवाली पाखरं येतात, ती तासा-दोन तासांचा खेळ असतो. डासासारखी दिसणारी, न चावणारी चिलटं घाण पाण्याच्या चिखलात वाढतात आणि पांढऱ्या दिव्याभोवती अक्षरशः ढग करतात. ही सगळी मंडळी अंबर आणि झाकलेल्या दिव्याने आटोक्यात येतात.

पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक लांबट किडा ओळखून ठेवा, काळा आणि नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी फोड येतो. मानेवर काही चाललं म्हणून थापड मारायची सवय इथे महागात पडते. फुंकर मारून उडवा, आणि चिरडलाच तर साबणाने लगेच धुवा, तो हात डोळ्याला लावू नका.

डासांचं गणित वेगळं. त्यांना तुमचा दिवा नको, तुम्ही हवे आहात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर ते येतात. संपूर्ण अंधारात बसलात तरी येतील. तिवरांतली ती बारीक चावरी चिलटंही तशीच, दिवस मावळताना आणि वारा पडलेला असताना जोरात असतात. डासांच्या साध्या जाळीची भोकं सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यातून ती आरामात येतात. जाळी लावायचीच तर त्याच्या निम्म्या भोकांची घ्या, मात्र तिच्यातून वाराही तेवढाच कमी येईल.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, निळ्या दिव्याच्या मशीनचं उत्तर नाही असं आहे. ते अतिनील उजेडाने किडे बोलावतं. डास त्याला फारसे भुलत नाहीत, बाकी निरुपद्रवी पाखरं मात्र गावभरची गोळा होतात. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या दोघांनी १९९६ मध्ये अशा मशीनांत मेलेले किडे मोजले होते: १३,७८९ पैकी चावणारे फक्त ३१. शेतकरी प्रकाश सापळा लावतो तो शेतात, पिकावरचे किडे ओढून घ्यायला. आपण बसतो तिथे कुणी सापळा लावत नाही. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळवणारी मोबाइलची ॲप आणि बटणाएवढी यंत्रं, त्यांवर एक रुपया घालू नका. आणि कासव छाप असो की धुपाटणं, पेट्रोलची टाकी असलेल्या बोटीत जळती वस्तू नको. यावर मी वाद घालत नाही.

डासांवर खरा उपाय वारा. डास आणि चिलटं दोन्ही उडायला कच्ची, ताशी १५ किलोमीटरच्या वर वारा गेला की बहुतेक बसून राहतात. दुपारचा पश्चिमेचा खारा वारा सूर्यास्ताच्या सुमारास पडतो आणि जमिनीवरचा वारा सुरू व्हायला वेळ लागतो. मधला तास-दीड तास हवा ठप्प असते आणि नेमका तेव्हाच तुम्ही नांगर टाकून डबा उघडता. त्या वेळी बोट चालू ठेवा, जागा बदलायची असेल ती तेव्हा बदला. डबा उजेड असतानाच खाऊन घ्या. नांगर तिवरांच्या कडेला टाकू नका. जिताडा कडेला मिळतो हे मलाही माहीत आहे, पण तिवरांपासून दोन-तीनशे मीटर आत आलात तरी चिलटांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाहतुकीच्या वाटेत मात्र नांगर नको.

वाऱ्याचा अंदाज घेताना हे धरा की पाण्याला जोर असला की नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करत नाही, प्रवाहाकडे करते. उधाणाच्या दिवसांत भरती चढत असताना तुमची नाळ खाडीच्या तोंडाकडे राहणार, मग वारा कुठूनही येवो. त्यामुळे वडिलांना बसवायची जागा दर वेळी वारा बघून ठरवावी लागते. पाणी थांबलं की बोट फिरेल, त्यांनाही फिरवा.

वारा नसेल तेव्हा गाडीत लावतात तो १२ व्होल्टचा छोटा पंखा काठाला क्लिपने लावा आणि तोंडावर न सोडता पायांवर सोडा. घोट्यापाशीच सगळ्यात जास्त चावतात. पंख्याने श्वासाचा वासही पांगतो. फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. डासांच्या क्रीम-स्प्रेमध्ये डीईईटी हे रसायन असेल तर हात पुसल्याशिवाय चष्मा किंवा प्लास्टिकचं मीटर हाताळू नका, ते रसायन काही प्लास्टिकं मऊ करतं. इकॅरिडिन असलेलं मिळालं तर बोटीसाठी ते बरं.

सर्चलाइट ठेवा, पण क्षणभर लावून बंद करायला. खुंटाची शंका आली, लावला, बघितलं, बंद. दुसऱ्या होडीच्या माणसाच्या तोंडावर मारू नका आणि आकाशातही नको, उलव्याच्या बाजूला विमानतळ आहे. वाशी पुलाच्या वर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ चं, आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं. त्या हद्दीत शिरायला परवानगी लागते. पण बाहेरून जातानाही चिखलावर बसलेल्या पक्ष्यांवर झोत टाकून ते उठवायचा खेळ पाहुण्यांना करू देऊ नका. पाण्यात खाली सोडायचे हिरवे-निळे एलईडीही नकोत. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम उजेडावर मासेमारी करायला मनाई केली आहे. तो आदेश बाहेरच्या समुद्रासाठी निघाला असला तरी खाडीत पाण्याखाली दिवे दिसले की कोळीवाड्यातले लोक तुम्हाला गळवाले समजणार नाहीत.

बॅटरीचा हिशेब केला तर पट्टी काढायचा निर्णय आणखी सोपा होईल. मीटरला साठ दिवे असलेली जाड ५०५० पट्टी मीटरमागे १४.४ वॅट खाते. तुमच्या काठाला १० मीटर धरली तरी १४४ वॅट, म्हणजे १२ अँपिअर. चार तासांत ४८ अँपिअर-तास. ओबीएम बटणावर सुरू होणारा असेल तर परतीच्या वेळी नुसता कट्-कट् आवाज येतो तो यानेच. तीन मार्कर आणि नियमाचे तीन एलईडी दिवे मिळून १० ते १२ वॅट, साधारण १ अँपिअर. पंखा लावला तरी तुम्ही आरामात घरी. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आणि जोडांवर ग्रीस. साधी तांब्याची वायर इथे दोन पावसाळ्यांत आतून काळी-हिरवी पडते.

सोलरच्या बागेतल्या दिव्यांचं: चालत्या बोटीवर नको. ते कूल व्हाइट असतात, अंधार पडला की आपणहून लागतात आणि तुम्हाला बंद करायचं सुचेपर्यंत तासभर पाखरं बोलावून बसलेले असतात. जेट्टीला बोट बांधून घरी जाताना काठावर एखादा ठेवला तर हरकत नाही, मागून येणाऱ्याला तुमची बोट दिसेल. फक्त सकाळी तो उतरवून पिशवीत टाका, नाहीतर पुढच्या शनिवारी नाळेवर तोच लागलेला असेल.